बरगे

मुजावर मॅडमनी सीपीआरच्या केसपेपरामागं
पेनानं एक नळी काढली.
नळीच्या भिंतीत स्नायू, स्नायूला बारीक दारं.
"या दारांतनं कॅल्शियम आत शिरतं, काका,
मग स्नायू आवळतो, वाट अरुंद होते
आणि रक्त धडका देत जातं.
ही गोळी त्या दारात जाऊन बसते."

म्हणजे बरगा, मी म्हटलं.

एकतीस वर्षं पाटबंधारेत गेली, राजाराम बंधाऱ्यावर.
पाऊस सरला की बरगे घालायचे,
मृगाआधी काढायचे.
दोन रांगांच्या मधी मुरूम चेपायचा पायानं,
तरी कुठनं तरी झिरपायचंच,
तेवढं झिरपू द्यायचं असतं.

पण मॅडम, बरगे घातले की पाणी चढतं,
मागं पार वडणग्याच्या मोटारींपर्यंत.
तुमचे घातले की उतरतं म्हणता.
हे कसं?

त्या हसल्या.
शिपायानं पुढचा नंबर पुकारला.

उत्तर घरी सापडलं, बावड्यात,
पायरीवर बसून चपलेचा अंगठा सोडवताना.
नदी वाहतीच आहे.
हे बरगे बसलेत काठात,
आणि काठ,
इतकी वर्षं मूठ वळून बसलेला काठ,
बोटं सोडतोय.

पुरात रात्र-रात्र पट्टी वाचलीय मी,
बॅटरी धरून, फूट आणि इंच.
एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका.
माझा वरचा आकडा एकशे अठ्ठ्याहत्तर होता
आणि मी त्या दिवशी
धाकट्याशी वाटणीवरनं भांडून, वर जेवून,
दुपारी निवांत झोपलो होतो.
आत कुठं पट्टी रंगवलेली नसते.

पंधरा दिवसांत एकशे चाळीसवर आलं.
धाकटा अजून बोलत नाही.
त्याला गोळी नाही.

आता सांजच्याला घोटे सुजतात.
अंगठा दाबला की खळगा पडतो,
सावकाश भरून येतो,
बंधाऱ्याखालच्या मळीत पाऊल उचललं की
ठसा भरायचा तसा.
सैल काठातनं झिरपणारच.
मॅडमना सांगायचंय, सोमवारी.

तोवर पाय उशीवर.
शेवंतानं मिठाचा डबा वरच्या फळीवर ठेवलाय.
माझा हात तिथं पोचतो.
तिला ठाऊक आहे.