कागदासाठीचे नियम

पाणी सुटण्याच्या वेळा सांगणारं पान मी केलं,
मक्त्याचं काम, साडेसहा हजारांत.
स्क्रीनवर देखणं होतं.
वस्तीच्या नावावर बोट ठेवलं की सात चौकोन उघडायचे,
पाणी असेल तो निळा,
नसेल तो लालभडक, आत पांढरी अक्षरं:
आज पाणी नाही.

घोंगडे वस्तीत इरप्पाच्या झेरॉक्सच्या दुकानात
ते दर सोमवारी कागदावर यायचं,
दोन रुपयाला एक,
आणि एक फुकट, शटरला चिकटवलेलं.
प्रिंटर शाईच्या बाबतीत कंजूष.
अक्षरामागचा रंग तो हिशेबातच धरत नाही.
लाल गेला.
पांढऱ्या कागदावर पांढरी अक्षरं राहिली,
म्हणजे होतं सगळं, काना-मात्रेसकट,
फक्त दिसत नव्हतं.

पोशव्वा गुंडेटीनं शटरपाशी उभं राहून
बोटानं ओळ धरली, गुरुवारपर्यंत आली.
गुरुवार कोरा.
कोऱ्याचा अर्थ तिनं तिच्या परीनं लावला.
पहाटे तीनला नळाशी बसली,
दोन घागरी, रंगाचा एक रिकामा डबा,
मांडीवर सूप, सुपात पानं आणि जर्दा.
ऊन भिंतीवरून खाली उतरलं तोवर
चारशे विड्या झाल्या होत्या.
नळ एकदा खाकरला, तेवढाच.

दुसऱ्या दिवशी दारात आली.
भांडायला नाही.
"पोरी, तितं कायच नव्हतं लिवलेलं.
कायच नाय म्हंजे पाणी येलालंय, का नाय येलालंय?"

त्या रात्री स्टाइलशीट उघडली
आणि तळाशी एक कप्पा केला, फक्त कागदासाठी.
मेनू लपव.
बटणं लपव, कागदावर बटण दाबलं तर भोक पडेल.
सरकणारी सूचना एका जागी बसव.
'इथे क्लिक करा' लिहिलंय तिथं
पुढे अख्खा फोन नंबर छाप.
एक वस्ती दोन पानांत फोडू नकोस,
नाव या पानाच्या तळाशी, वार त्या पानाच्या डोक्यावर,
असं झालं की माणूस शेजारच्याचं पाणी भरायला जातो.
डावा समास दोन बोटं जास्त,
तिथं इरप्पा टोचा मारून सुतळी ओवतो.
आणि लालचा नाद सोड.
काळी अक्षरं, भोवती जाड चौकट.

नाना मागे येऊन उभे राहिले.
तीस वर्षं जेकार्डची कार्डं ठोकली त्यांनी,
अजून पुठ्ठा दिसला की अंगठ्यानं जाडी बघतात.
म्हणाले, चादरीचं गिऱ्हाईक आधी पाठ बघतं.
पुढून पिवळ्यावर मरून मोर,
उलटी केली की मरूनवर पिवळा,
मोर तोच, भोकंही तीच.
पाठीसाठी वेगळी कार्डं कोण ठोकतं?

मी म्हटलं, मला ठोकावी लागतात, नाना.
स्क्रीनला एकदा सांगायचं, कागदाला परत सांगायचं,
नाहीतर कागद आपल्या मनाचं करतो.

ते बराच वेळ ओळी वाचत राहिले,
चष्मा कपाळावर, म्हणजे वाचत नव्हते.
"मग तुझा माग अजून अर्धाच तयार झालाय," म्हणाले
आणि झोपायला गेले.

सोमवारी पहिली प्रत मीच काढून आणली.
उंबऱ्यावर उजेडात धरली.
स्क्रीनवर एका वेळी एकच वस्ती उघडते,
लाल-निळं, जत्रेतल्या पताकांसारखं.
कागदावर सगळ्या वस्त्या एकाखाली एक
आणि चौकटी, चौकटी, चौकटी,
आठवड्यात सहा वार जाड काळे,
एका वारी बारीक अक्षरात
पहाटे ४.१० ते ५.

दुपारी ऑफिसातून फोन आला.
पान चांगलं झालंय म्हणाले,
फक्त ती चौकट
जरा बारीक करता येईल का?

बघते म्हटलं.

तीन आठवडे झाले,
बघतेय.