बाटलीवरचा मासा

बाटलीवरचा मासा चांदीचा आहे,
हवेत उडी घेतलेला, जवळजवळ हसणारा.
एकोणीस वर्षं मी चिंबोतेच्या कारखान्यात आहे,
असा मासा एकदाही पाहिला नाही.
आमची आंचोवेता बोटाएवढी.
ती उडी मारत नाही, पाइपातून येते,
टनांनी, डोळे उघडे ठेवून.
शिजते, पिळली जाते,
आणि शेवटच्या तोटीतून
मधासारखं काहीतरी वाहू लागतं.
त्या मधावर माझी रात्रपाळी.

येर्सनच्या बाईंनी बोलावलं.
ओब्दुलिया बाई वाईट नाहीत.
त्यांनी वही पुढे केली: पाच ओळी उतरवायच्या होत्या,
दोन नीट, तिसरी अर्धी,
मग समासात एक पेलिकन,
मग पेलिकनची पिसं, एकेक,
मग पानच संपलेलं.
"हाक मारली की येतो हो," त्या म्हणाल्या,
"पण फार लांबून येतो."

दवाखान्यात डॉक्टर सावालेतांनी
एक लांबलचक नाव कागदावर लिहिलं.
त्यात लक्ष होतं आणि उणीव होती.
मी विचारलं, ते माशाचं तेल म्हणतात, ते देऊ का?
त्या जरा वेळ पेनाचं टोपण काढत-घालत बसल्या.
काही मुलांना थोडा फरक पडतो, म्हणाल्या,
काहींना मुळीच नाही.
अभ्यास झालेत, पण त्यांचं आपसात जमत नाही.
औषधाच्या जागी मात्र नको.
सोबत द्या, परवडत असेल तर.

परवडत असेल तर.
फोर्तुनातोच्या दुकानात साठ गोळ्या,
किंमत माझ्या तीन रात्री.
बाटली उलटी केली. मागे मुंगीएवढी अक्षरं:
भरली कुठल्याशा थंड देशात,
ज्याचं नाव माझ्या जिभेवर बसेना,
आणि खाली, तेल: पेरू.
म्हणजे माझ्याच तोटीतून निघालं,
जहाजात बसलं, कालवा ओलांडला,
तिकडे पारदर्शक झगा शिवून घेतला,
आणि माहेरी आलं
ओळख न दाखवता.

घेतली मी बाटली. हसू नका.
पहिल्याच दिवशी येर्सनने गोळी गिळली नाही, चावली.
थुंकला, आणि माझ्याकडे बघून म्हणाला,
"आई, ही तुझ्या ॲप्रनसारखी लागते."

बाटली संपली. दुसरी आणली नाही.
बाजारात आंचोवेता ढिगाने मिळते,
ती कोंबड्यांनी खायची असं शेजारीण मानते.
मी लिंबू पिळून तळली.
येर्सन काटे काढायला बसला:
शेपटी धरायची, हलकेच ओढायचं,
अख्खा कणा शिवणीच्या दोऱ्यासारखा निघतो.
एक काढला. दहा काढले.
त्याचं जेवण गार झालं, माझंही, त्याच्या बापाचंही,
ताटाच्या कडेला कण्यांची रांग,
लहान ते मोठा अशी लावलेली.
मी हाक मारली नाही.

आता वहीत तिसरी ओळ पुरी असते.
चौथीत पेलिकन.
तेलाने झालं, की माशाने,
की डॉक्टरांच्या सकाळच्या पांढऱ्या गोळीने,
की ओब्दुलिया बाईंनी त्याला पुढच्या बाकावर घेतलं म्हणून,
की नुसता नऊ वर्षांचा झाला म्हणून?
सगळे मला आपापलं उत्तर देतात.
मी सगळ्यांना हो म्हणते.

रात्री तीनला टाकी काठोकाठ येते.
झडप फिरवताना मला त्या थंड गावातली बाई दिसते,
बर्फाने दार अडलेलं, शाळेची घाई,
तळहातावर एक पिवळा थेंब,
आणि तोंड घट्ट मिटून उभं पोरगं.
तिला माझं नाव ठाऊक नाही, मला तिचं नाही.
तिच्या पोराला गुण यावा, खरंच यावा.
पण एकदा तरी
त्यानेही ती चावावी,
आणि तोंड वाकडं करून विचारावं,
हा वास कुणाचा?