सासूचे नवे दात

साडेपाचला एपांग तयार, ओठांना लाली लावून.
दात नाहीत आणि लाली? बायको हसली.
"लाली दातांना लावतात का गं?" म्हणाली
आणि माझ्या ट्रायसिकलमध्ये जाऊन बसली पाय पसरून,
गाडी जणू तिच्या बापाची.

आमच्या रोंब्लोनला संगमरवराची पूड बसलेली असते,
पापण्यांवर, केळीच्या पानांवर, झोपलेल्या कुत्र्यांवर.
मी दगड कापतो. खलबत्ते, थडगी,
कधी मनिलातल्या कुणा साहेबाच्या बागेसाठी एखादा डॉल्फिन.
आज खाडा. आज समुद्र ओलांडून
ओदियोंगानहून सासूचे दात आणायचे.

तिबोने तिला होडीत इंजिनाजवळ बसवलं,
तिथं पाणी कमी उडतं.
तासभर ती इंजिनावर आवाज चढवून बोलत होती:
कोण कुणाचं देणं लागतो,
कुणाची कोंबडी कुणाच्या घरात अंडी घालते.
दात नसलेल्या तोंडातून शब्द भिजून येतात.
तिबोला सगळं कळलं. मला निम्मं.

सान आगुस्तिनच्या धक्क्यावर जीपनी उभी.
भरली की निघणार, म्हणजे केव्हा ते विचारू नये.
टपावर तांदळाची पोती, एक गादी,
गादीवर पाय बांधलेलं डुकराचं पिल्लू, आरामात.

तेवढ्यात हिला वास आला.
सालुदच्या टपरीवर सार्साचं झाकण निघालं होतं.

नदीतली कोळंबी, नखाएवढी,
कोवळ्या खोबऱ्याबरोबर उखळात कुटायची, सालासकट.
मिरची. मीठ.
माडाच्या पातीत घट्ट बांधून
नारळाच्या दुधात ठेवायची, दूध आटेपर्यंत.
एवढंच. पण एवढ्यासाठी सालुदच्या पोरी
पहाटे तीनला नदीत उतरतात,
दातांत बॅटरी धरून.

सासूनं तीन पुड्या खाल्ल्या. हिरड्यांनी.
पात उलगडायची, गोळा टाळूला लावायचा, डोळे मिटायचे.
जीपनीवाला हॉर्न वाजवत राहिला.
"जाऊ दे त्याला," ती म्हणाली,
"दात पळून जात नाहीत.
पळायचे होते ते कधीच गेले."

जीपनी खरंच गेली.
पुढची अकराला.
त्या रस्त्यावर खोबरं वाळत घातलेलं,
ड्रायव्हर त्याला वळसा घालून जातो,
समोरून येणाऱ्या ट्रकला घालत नाही.

डॉक्टरीण मान्गारिनने दात बसवले, आरसा दिला.
सासू बघत राहिली.
एवढी गप्प मी तिला मयतालाही पाहिली नव्हती.
"ही तर माझी आई," म्हणाली.
"वादळाच्या साली गेली. सगळे दात शाबूत होते.
खायला काही नव्हतं, म्हणून झिजले नाहीत."
डॉक्टरीणबाईंना काय बोलावं कळेना.
त्यांनी पन्नास पेसो कमी केले.

परतताना सालुदकडे एकच पुडी उरलेली.
सासूनं ती नव्या दातांनी चावली, रीतसर,
लग्नात बसल्यासारखी ताठ बसून.
दोनदा चावली. थांबली.
"प्लास्टिक लागतंय."
दात काढले, रिकाम्या पातीत गुंडाळले,
माझ्या सदऱ्याच्या खिशात घातले
आणि उरलेलं खाल्लं टाळूनं, डोळे मिटून.

शेवटची होडी. वारा वाढला होता.
प्रत्येक लाटेला खिशात दात वाजायचे,
बरगडीशी कुणीतरी चणे खात असल्यासारखे.

तिबोने विचारलं, "काय आजी, आणलेत का दात?"
"आणलेत की. जावयाकडे ठेवलेत," ती म्हणाली,
"त्याला लागतील पुढं."

आणि बोटाला लागलेलं खोबरं चाटत
कुणाच्या कोंबडीचं राहिलं होतं
ते तिनं पुन्हा सुरू केलं.