लाल पावल्या

दर मंगळवारी ओगलालाहून उत्तरेला, वाळूच्या टेकड्यांमधून
माझी व्हॅन. मागे तीनशे रेकॉर्ड,
किल्ल्यांचा जुडगा, गल्ले रिते करायला कॅनव्हासच्या पिशव्या.
पोकोर्नींच्या कंपनीचे एकोणीस ज्यूकबॉक्स
माझ्या अंगावर होते.

यंत्राच्या पोटात एक काटा असतो,
गिऱ्हाइकाला न दिसणारा.
कुठलं गाणं किती वेळा वाजलं, सगळं त्याच्यापाशी.
माणसं आपल्या आवडीबद्दल वाट्टेल ते सांगतात,
काटा सांगत नाही, असं पोकोर्नी म्हणायचे.
महिन्याला दहाच्या खाली गेलं
की रेकॉर्ड बाहेर.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात ते गाणं आलं.
शेजारच्या काउंटीतला डेल्मर क्विस्ट,
ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारा,
आणि त्याचे चार दोस्त.
ड्रम दांडगे, तरण्या खोंडासारखे,
आणि मधेच स्टील गिटार अशी घसरत यायची
की कुणी धुकटलेल्या काचेवरून तळहात फिरवतंय,
बाहेर कोण आलंय बघायला.

फाटक उघडं ठेव, मी येतोय,
एवढंच त्या गाण्याचं म्हणणं.

सहा आठवडे जिथं जावं तिथं तेच.
गव्हाच्या कापणीवरची पोरं टेबलं बडवायची,
सांडलेल्या बियरमध्ये माझी हिशेबाची वही भिजायची.
वैतागलो होतो, खरं सांगतो.
नोव्हेंबरात काटे उतरले.
जानेवारीत अठरा ठिकाणच्या अठरा रेकॉर्ड काढून
खोक्यात टाकल्या. वाईट वगैरे वाटलं नाही.
कामच ते.

एकोणिसावी व्हर्लीनच्या कॅफेत.
काटा: अठ्ठावन्न.

गल्ल्यातल्या लाल पावल्या तेव्हा आठवल्या.
मालकानं आपलंच यंत्र चालू ठेवायला टाकलेली नाणी
नेलपॉलिशनं रंगवलेली असतात,
ती मी वेचून परत द्यायची,
हिशेबात धरायची नाहीत. अशी रीत.
महिन्याभरात एकोणतीस परत दिल्या होत्या.
एका पावलीत दोन गाणी.
दोन्ही वेळा तेच.

व्हर्लीन कप विसळत होती, पाठ माझ्याकडे,
आणि गाण्यासोबत पुटपुटत होती:
फाटक उघडंच राहिलं.

ठेव, म्हटलं. ठेव आहे ते, राहिलं नाही.
ती वळली नाही.
"तू तुझं यंत्र बघ," म्हणाली.

सगळ्या काउंटीला ठाऊक होतं, माझ्याखेरीज.
मला मे महिन्यात कळलं.
ते मी इथं लिहीत नाही.

वहीत अठ्ठावन्न लिहिलं, रंग लिहिला नाही.
पुढल्या महिन्यात चौसष्ट. मग पन्नास.
पोकोर्नी खूश: "बघ, म्हणत नव्हतो, काटा..."
मी हो म्हटलं.
रेकॉर्ड झिजली की खोक्यातली दुसरी.
अठरातल्या सात तिथंच झिजल्या,
बरोबर गिटार घसरते तिथं पांढुरक्या पडून.
मग एका मंगळवारी कॅफेला कुलूप,
आणि तिनं माझ्यासाठी शेजारी ठेवलेलं पाकीट:
नाणी सगळी. पॉलिश खरवडून काढलेलं.

आता डेल्मर गेला, दुकान गेलं,
रेडिओ स्टेशनच्या जागी खताचं गोदाम आहे.
नात विचारते, कसलं गाणं म्हणतोस दाढी करताना?
होतं एक, म्हणतो. कडव्यातली दुसरी ओळ
मला आठवत नाही, तिथं नुसतं नाकातून वाजवतो.

परवा टेसानं माळ्यावरून खोकं काढलं.
अकरा शिल्लक. एक लावली.
खरखर, ढोल, खोंडाचा सगळा दंगा,
मग डेल्मर. चोवीस वर्षांचा. दम लागलेला, खुशीत:
फाटक उघडं ठेव.

अरे, चुकलास, मी म्हटलं.
मोठ्यानंच म्हटलं असणार,
कारण टेसानं माझ्याकडे पाहिलं,
आणि सुई उचलली.