चांगल्या दिवसाची नोंद

अर्ज मीच भरला. पेन हातात आलं की
आर्विडची बोटं कागदावर भूकंप काढतात.
एस्कनाबाच्या कागद गिरणीत एकतीस वर्षं
ज्या हातांनी टनाटनाची रिळं वळवली,
ते आता दोघं मिळून कॉफीचा एक कप धरतात
आणि तरी थोडी सांडतेच.

प्रश्न सातवा: स्वयंपाक करता का?
"हो लिही," तो म्हणाला.
कधी केलास?
"अंडी उकडली होती."
ती ईस्टरला. आणि गरम पाणी मी ओतून दिलं होतं.
तरी 'हो' लिहिलं,
नवऱ्याचा मान राखला.
तीन महिन्यांनी पाकीट आलं: नामंजूर.
पुनर्विचाराला टाकला, तोही नामंजूर,
शब्दाला शब्द तोच, फक्त तारीख ताजी.

वकीलबाई व्रोबेल यांचं ऑफिस लाँड्रीच्या वर.
खालचे ड्रायर फिरले की अख्खी जमीन थरथरते.
आर्विडला तिथे बरं वाटलं.
"जिंकलात तर थकबाकीतला चौथा हिस्सा माझा," त्या म्हणाल्या,
"हरलात तर माझा वेळ गेला.
पण तुम्ही अर्जात सगळा चांगलाच दिवस लिहिलाय.
असे दिवस महिन्यात किती?"
आर्विड खिडकीबाहेर बघू लागला.
"चार," मी म्हटलं.
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं,
जणू त्याच्या देखत मी त्याची बोट विकली.

मग सबंध हिवाळा मी वही लिहिली.
सोमवार, बटण लागलं नाही.
मंगळवार, किल्ली फिरली नाही.
गुरुवार, चमचा निघाला, पोचला नाही.
शुक्रवारी पडला,
पण 'पडलो नाही, बसलो' असं म्हणाला.
दोन्ही लिहिलं.
एका रात्री त्यानं विचारलं, काय लिहितेस गं एवढं?
वाणसामान, म्हटलं.

सुनावणीला न्यायाधीश पडद्यावर,
आणि कामधंद्यांच्या जाणकार बाई नुसत्याच फोनवर.
कोरड्या आवाजात त्यांनी वाचलं:
हा गृहस्थ शेंगदाणे निवडू शकेल.
लिफाफ्यांवर पत्ते लिहू शकेल.
कॅमेऱ्यांच्या पडद्यासमोर बसून पाळत ठेवू शकेल.
देशात अशी नऊ हजार कामं आहेत.

आर्विड खुर्चीत थोडा ताठ झाला.
देवाशपथ सांगते, त्याला आनंद झाला होता.

व्रोबेलबाईंनी चष्मा काढला.
"आणि महिन्यात चारच दिवस याचा हात स्थिर राहिला, तर?"
फोनमध्ये खरखर. पान उलटल्याचा आवाज.
"मग नाही."
"यातलं एकही?"
"एकही नाही. दुसरंही कुठलं नाही."

असे आम्ही जिंकलो.
जिन्यात वकीलबाईंनी माझा खांदा दाबला.
आर्विडनं कठडा धरला,
आणि गाडीपर्यंत एक अक्षर बोलला नाही.

निकाल आठ पानांचा.
मोठ्यानं वाच, म्हणाला.
नाव वाचलं, जन्मतारीख वाचली, आजाराचं लांबलचक नाव
अडखळत वाचलं.
पाचव्या पानावर लिहिलं होतं:
देशभरात या माणसासाठी काम उपलब्ध नाही.
मी सहावं वाचायला घेतलं.
"पानं चिकटली होती का?"
हो रे, चिकटली होती.
त्यानं मान हलवली. हसलाही असेल, मी वर बघितलं नाही.

चौथा हिस्सा गेला, तेलाचं बिल फिटलं,
दाताचं राहिलेलं काम झालं.

मे महिन्यात खाडीवरचा बर्फ सुटला.
काल सकाळी पायरीवर बसून
त्यानं दोऱ्याला गळ बांधला.
एका झटक्यात. गाठ ओढून बघितली, दातांनी टोक तोडलं.
मी भांडी विसळत राहिले,
पाहिलंच नाही असं दाखवत.

वहीत अजून अर्धी पानं कोरी आहेत.
ड्रॉवर हाताशीच होता.
नळ बंद करून मी तशीच उभी राहिले,
ओल्या हातांनी.