गुरुवारची वही

केरिचोच्या उतारावर, चहामळ्याच्या चौथ्या ओळीत
आमची बारा घरं. मिळून एक जुमुइया.
नाव संत मोनिकेचं, खुर्च्या मात्र हिलारियसच्या:
निळ्या, प्लास्टिकच्या, चौदा,
त्यातली एक तीन पायांवर उभी राहायला शिकलेली.
दर गुरुवारी त्या आमच्या डोक्यांवर बसून
ज्याची पाळी त्याच्या अंगणात जातात.

मी सचिव. अक्षर बरं म्हणून.
वहीत लिहिते: हजर नऊ. वाचन लूक.
वर्गणी तीनशे चाळीस.
चहा झाला, साखरेसकट.

न लिहिलेलं बरंच असतं.
आरप मारितिम प्रार्थनेला उभा राहिला की
मुलं झोपतात, चुलीवर दूध उतू जातं
आणि तो अजून अब्राहामापाशीच असतो.
सबिना आणि फिलोमेना एका गाईवरून
दोन वर्षं बोलत नव्हत्या,
तरी शांतीचा हात द्यायची वेळ आली की द्यायच्या,
बोटांची टोकं फक्त,
तवा तापलाय का बघावा तशी.
म्हातारी ताप्रान्दिच वचन ऐकते, म्हणते, "पुन्हा."
दुसऱ्यांदा ऐकून मान हलवते:
"हं. हे आमच्या शेजारी घडलं होतं."

दिवसभर पानं खुडून काळी पडलेली बोटं,
संध्याकाळी त्याच बोटांनी आम्ही पानं उलटतो.
शुभवर्तमानाच्या कडा आता हिरवट काळ्या झाल्यात.

डबा माझ्याकडे असायचा,
पलंगाखाली, गोणपाटात.
आठ हजार दोनशे शिलिंग:
थोडे फिलोमेनाच्या ऑपरेशनचे,
थोडे कोणाच्या तरी मरणाचे, आधीच जमवून ठेवलेले.
जूनमध्ये माझा किपन्गेनो गेला.
डबाही गेला.
नाकुरूच्या मटाटूत त्याला पाहिलं म्हणे कोणी,
कोणी म्हणे तो दुसराच.

वही मी माळ्यावर टाकली.
पाण्याला पहाटे, कोणी उठायच्या आत.
खुडायला पार टोकाला, जिथे पानं जाड आणि बोलणारं कोणी नाही.
गुरुवार आला, गेला. दुसरा. तिसरा.
लाज काही घरभर हिंडत नाही.
कुत्र्यासारखी दाराशी पडून असते,
बाहेर पाऊल वाजलं की आधी तीच उठते.

चौथ्या गुरुवारी पाळी सबिनाची होती.
अंधारताना माझ्या फाटकाबाहेर खुर्च्या टेकल्या.
मी आतून मोजल्या. अकरा.
कोणी हाक मारली नाही, कडी वाजवली नाही.
मी दिवा विझवला.
गाणं सुरू झालं, नेहमीसारखं नको इतक्या वरच्या पट्टीत.
वाचन झालं. "पुन्हा," म्हातारी म्हणाली.
मग मारितिम उठला
आणि मी भिंतीला पाठ लावून वाट बघू लागले
माझ्या पोराचं नाव कधी येतंय.
अब्राहाम आला, इसहाक आला,
चहाचा भाव, धुकं, सबिनाची गाय.
मग किपन्गेनो.
जिथे असेल तिथे त्याला थंडी वाजू नये.
एवढंच. आणि लगेच आमेन.

मी दार उघडलं नाही. हे सांगायला हवं.
उघडलं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं.

सकाळी उंबऱ्यावर कप, चहावर साय धरलेली.
बाजूला सबिनाचा पिठाचा डबा, घासून पुसून,
आत चिल्लर, आणि कोणा पोराच्या गणिताच्या वहीतलं पान,
फिलोमेनाच्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात:

हजर बारा.
वर्गणी एकशे दहा.
डबा कुठे ठेवायचा: सचिवाकडे.
चहा झाला. साखर संपली होती.

बारा.
मी पुन्हा मोजून पाहिलं, बोटांवर, नावं घेऊन.
खुर्च्या तर अकराच टेकल्या होत्या.

साय बोटाने सारली, चहा थंडच प्यायले
आणि शिडी लावली माळ्याला.
फिलोमेना एक आणि सात सारखेच काढते,
उद्या कोणी हिशेब विचारला तर
एकशे दहा की सातशे सत्तर,
कोणाला कळणार होतं?