सूर्य पाठीशी ठेव

हसूरकर मास्तरांचा स्टुडिओ गंगावेशीत,
दूध कट्ट्यापासून हाकेवर, लाकडी जिना चढून.
पहिल्या दिवशी त्यांनी एवढंच शिकवलं :
सूर्य पाठीशी ठेव, पोरी. माणसाला उजेडात आण.
मग खुर्ची पुसली, चहा मागवला,
आणि विषय संपला.

दुपारी तेच मास्तर
निगेटिव्हची पट्टी खिडकीत धरून
एक डोळा मिटून बघत बसायचे :
काळ्या दातांची, पांढऱ्या केसांची नवरी,
तिच्या मागून सायकलवर चाललेली दुधाची किटली.
सगळा उजेड तिच्यातूनच त्यांच्यापर्यंत यायचा.
मी काही बोलले नाही.

घरी कांदा चिरताना साल उचलून उन्हात धरली.
तिथून बिघडले.

मग वडणग्याचं गुऱ्हाळ.
पहाटेची वाफ, काच सारखी धुरकटते,
गुळव्या ओरडतो, ताई, मागं व्हा, भाजशीला.
तो पळी उचलतो. काकवी निथळते,
आधी धार, मग तार,
आणि तुटायच्या जरा आधी
तारेच्या टोकाला थेंब थांबतो,
त्यात चुलवाण, उसाची मोळी, मी, सगळं उलटं.
मीटर इथं घाबरतो.
समोर सूर्य बघून म्हणतो, फार झालं, झाका.
त्याचं ऐकायचं नाही. दीड स्टॉप वर.
लेन्सच्या कपाळावर तळहात आडवा,
जसा दूरचा माणूस ओळखताना आपण धरतो.

रंकाळ्याच्या बांधावर एक करडू होतं,
तांबूस, दोन आठवड्यांचं असेल,
त्याच्या मागं ऊन कललेलं.
कानात शिरा : एक कासारी, एक कुंभी,
तुळशी, भोगावती.
पाचवी गुप्त, ती तिथंही दिसली नाही.
सहा फोटो काढले. सातव्याला त्यानं
माझ्या पिशवीचा बंद चघळायला घेतला.

तेव्हा अण्णा आठवले.

अण्णा, म्हणजे हिंदुराव, माझे वडील.
पंधरा वर्षं तालमीतल्या लाल मातीत
कान घासून घासून आक्रोड झाले त्यांचे,
पाळी, वळण, भोक, सगळं एकात एक.
लहानपणी मी त्यावर बोट फिरवायचे
आणि ते म्हणायचे, दार लावलंय, वाजवू नको.

गच्चीवर त्यांना सूर्याच्या आड बसवलं.
डोकं जरा डावीकडं. आणखी जरा. हां.
काय बघतीस गं?
तुमचा कान.
त्यात काय बघायचंय, त्यो बंद हाय.

खरंच बंद होता.
उजेड त्यावर येऊन थडकला
आणि परत गेला नाही, आतही गेला नाही.
मी स्टॉप वर केला, आणखी वर केला,
मागचं आभाळ विटलं, पाण्याची टाकी विरघळली,
कान मात्र कोळसा.
फक्त कडेनं
म्हातारपणी उगवलेले केस,
एकेक वेगळा, पेटलेला,
कुणी मोजावेत इतके स्पष्ट.

आतलं दिसलं का?
न्हाई अण्णा.
मग बरं झालं, म्हणाले,
आणि टॉवेल झटकून खाली गेले,
पायरी पायरीला गुडघा धरत.

प्रिंट मास्तरांना दाखवली.
त्यांनी सवयीनं ती खिडकीकडं धरली.
कागद जाड, आरपार काही दिसेना,
पण कडांवर त्यांची बोटं लालभडक झाली होती,
अंगठ्याच्या नखाला हायपोचा जुना डाग.
बराच वेळ तशीच धरून होते.
मग खाली ठेवली. म्हणाले,
हिंदुरावाला जरा इकडं वळवायचा होतास.
तोंडावर उजेड न्हाई.